एक बाटली, पाच प्रवासी

प्रश्न: मॅडम, नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. महाशिवरात्रीला दरवर्षी गुहागरला व्याडेश्वराला जातो. यंदाही पहाटे चारला स्वतःच्या गाडीने निघायचं आहे, गाडी हे चालवणार. सोबत सासरे (वय ७१, बी.पी.ची गोळी चालू आहे, प्रोस्टेटचा त्रास), सासूबाई (६६, त्यांना गाडी लागते), मी आणि सव्वातीन वर्षांचा मुलगा. सध्या घरात सर्दी-खोकला फिरतोय, एकाचा गेला की दुसऱ्याला. मागच्या महिन्यात ह्यांच्यासाठी मेडिकलमधून एक कफ सिरप आणलं होतं, ते फार छान लागू पडलं. अर्धी बाटली उरली आहे. तिच्यावर क्लोरफेनिरामिन, फेनिलेफ्रिन आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असं लिहिलंय. प्रवासात सगळ्यांना तेच थोडं थोडं दिलं तर चालेल ना? मुलाला अर्धाच चमचा देईन. गाडीत कापराची पुरचुंडीही ठेवणार आहे.
ता. क. पुढच्या महिन्यात नणंदेकडे दुबईला जायचंय. तिने इथून खोकल्याची दोन औषधं मागवली आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी नाही. नेता येतील का?
(नाव नको, घोडबंदर रोड, ठाणे)

ताई,

ती बाटली घरीच राहू द्या. पाच जणांपैकी चौघांना ती द्यायची नाही, आणि पाचव्या तुम्ही, तुम्हाला ती बहुधा लागणारही नाही. पण नुसतं औषधाचं नाव न कळवता आत काय आहे ते लिहून पाठवलंत, हे उत्तम केलंत. आम्हा मेडिकलवाल्यांच्या काउंटरवर बहुतेक लोक "मागच्या वेळची ती लाल बाटली द्या" एवढंच सांगतात, आणि कपाटात लाल बाटल्यांची अख्खी फळी असते.

तर या बाटलीत तीन औषधं आहेत. क्लोरफेनिरामिन शिंका आणि नाकातलं पाणी कमी करतं. फेनिलेफ्रिन रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे चोंदलेलं नाक सुटावं अशी अपेक्षा असते. डेक्स्ट्रोमेथॉर्फन मेंदूच्या पातळीवर कोरडी ढास दाबतं. सर्दी बरी करणारं यातलं एकही नाही. सर्दी विषाणूंची असते. सात ते दहा दिवसांत ती आपोआप उतरते आणि खोकला मागे दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. तुमच्या ह्यांना बाटली 'लागू पडली' त्यात बाटलीचं श्रेय किती आणि सर्दीचे दिवस भरल्याचं किती, कोण सांगणार? फेनिलेफ्रिनबद्दल तर २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने एकमताने सांगितलं की नेहमीच्या मात्रेत तोंडाने घेतलं तर ते नाक मोकळं करत नाही. पोटात गेल्यावर त्यातलं बरंचसं नाकापर्यंत पोचायच्या आधीच मोडून जातं. तरी आपल्याकडच्या सर्दीच्या गोळीत आणि सिरपमध्ये ते सर्रास सापडतं.

आता प्रवास. घरी असताना कोणाला काय होतंय हे पाहून औषध ठरतं. प्रवासात त्याच्या जोडीला कोण काय करणार आहे हेही बघावं लागतं, आणि सगळ्यात आधी बघायचा तो गाडी चालवणारा.

क्लोरफेनिरामिनने झोप येते. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून लोक ते निघताना घेत नाहीत, आदल्या रात्री घेतात. खोकला झोपू देत नाही, पहाटे उठायचंय, मग दहाला दोन चमचे घेऊन आडवं व्हायचं. घोटाळा इथेच होतो. मोठ्या माणसाच्या अंगातून या औषधाची निम्मी मात्रा जायलाच साधारण वीस तास लागतात. रात्री दहाला घेतलेलं औषध पहाटे चारला बऱ्यापैकी शाबूत असतं. वर पहाटेचे तीन-चार तास शरीराच्या हक्काच्या झोपेचे. माणूस उठतो, अंघोळ करतो, चहा घेतो, "मला काही झोप-बिप येत नाही" म्हणतो आणि त्याला खरंच तसं वाटत असतं. पण समोरच्या ट्रकचे ब्रेकलाइट लागले की पाय पेडलवर जायला जो वेळ लागतो तो वाढलेला असतो, आणि हे चालवणाऱ्याला आतून कळत नाही. माजिवडा ते पनवेल गाडी सावकाश असते, तोवर निभावतं. पुढे रस्ता मोकळा लागला, उजाडलं, मागची मंडळी झोपली, की डुलकीला जागा मिळते. चहा-कॉफीने तरतरी आल्यासारखी वाटते, पण औषधाचा अंमल त्याने पुसला जात नाही.

म्हणून ह्यांना निदान आदल्या दिवशी सकाळपासून या जातीचं काहीही नको. त्यात सर्दीच्या बहुतेक गोळ्या आल्या. डायफेनहायड्रामिन असलेलं सिरप आलं. कोडीन असलेलं तर आलंच. नाक चोंदलं असेल तर रात्री मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब, मेडिकलमध्ये 'सलाइन नेझल ड्रॉप्स' म्हणून मिळतात ते. त्याने भागत नसेल तर झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब. त्याने झोप येत नाही आणि नाक पाच-दहा मिनिटांत सुटतं. मात्र ते सलग तीन ते पाच दिवसांच्या पुढे घालायचे नाहीत. सवय लागते आणि मग औषध थांबवलं की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. वर्षानुवर्षं खिशात ती बाटली घेऊन फिरणारी माणसं ठाण्यात खूप आहेत. न झोपवणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या म्हणून फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन यांची नावं तुम्हाला कोणीतरी सुचवेल. त्यांनी झोप कमी येते हे खरं, पण साध्या सर्दीवर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. धुळीच्या ॲलर्जीवर होतो. आणि घोडबंदरला राहून, आजूबाजूला वर्षानुवर्षं काहीतरी खणलेलं असताना, तुमच्या घरातली 'सर्दी' किती आणि धूळ किती, हा प्रश्न एकदा डॉक्टरांना विचारण्यासारखा आहे. कुठलीही नवी गोळी पहिल्यांदा घ्यायची ती घरी, सुट्टीच्या दिवशी. स्टिअरिंगवर बसायच्या दिवशी नव्हे.

चारलाच का निघता हे मला कळतं. सहाला निघालं तर घोडबंदरवरच सात वाजतात. तरी ह्यांना रात्री खोकल्याने झोप मिळाली नसेल तर ते सात वाजलेले परवडले. दुसरं कोणी चालवणारं असेल तर सोबत घ्या. ठाण्याहून गुहागर अडीचशे किलोमीटरच्या पुढे आहे आणि चिपळूणनंतरची वळणं ताज्या डोक्याने घ्यायची असतात.

सासूबाईंचं औषध तुम्ही लिहिलं नाहीत, पण गाडी लागते म्हटल्यावर आपल्याकडे दहातल्या आठ घरांत ॲव्होमिन असते, असा माझा अंदाज. ॲव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिन. ते आणि तुमच्या बाटलीतलं क्लोरफेनिरामिन एकाच कुळातली, आणि झोप आणण्यात प्रोमेथाझिन त्यातलं थोरलं. एक उलटीसाठी, एक खोकल्यासाठी, दोन वेगळ्या दुखण्यांची दोन वेगळी औषधं दिली असं तुम्हाला वाटतं. शरीराच्या हिशेबी ते एकाच औषधाचे दोन डोस होतात. साठी ओलांडलेल्या माणसाला त्याने गुंगी येते, तोंडाला कोरड पडते, कधी डोक्यात गोंधळ उडतो, "आपण कुठे चाललोय?" असं विचारतात. चहाला गाडी थांबली की दार उघडून उतरताना पाय अडखळतो, हा त्यातला सगळ्यात नेहमीचा प्रकार.

यात तुमच्या सोयीची एक गोष्ट आहे. प्रोमेथाझिन मुळात ॲलर्जीचंच औषध असल्यामुळे नाकातलं पाणीही सुकवतं. त्यामुळे सासूबाईंनी नेहमीची ॲव्होमिन घेतली तर त्या दिवशी सर्दीसाठी वेगळं काही द्यायची गरजच नाही. मात्र त्यांना काचबिंदू असेल तर ॲव्होमिनसुद्धा डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून. त्यांना पुढच्या सीटवर बसवा, नजर लांब रस्त्यावर ठेवू द्या, मोबाइल हातात देऊ नका. खोकल्यासाठी कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या आणि चघळायला लवंग पुरे. सितोपलादि मधातून देत असाल आणि त्यांना साखरेचा त्रास असेल, तर लक्षात असू द्या की त्या चूर्णाच्या मूळ पाठात ३१ भागांतले १६ भाग खडीसाखर असते. म्हणजे निम्म्याहून जास्त साखर, आणि वर मध.

सासऱ्यांसाठी मात्र ही बाटली उघड धोक्याची आहे, आणि तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट तीच. प्रोस्टेट वाढलं की लघवीची वाट आधीच अरुंद झालेली असते. फेनिलेफ्रिन त्या वाटेच्या तोंडाशी असलेला स्नायू आणखी आवळतं. क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचा जोर कमी करतं. पुढून वाट बंद, मागून ढकलणारं कोणी नाही. मग लघवी तुंबते. पोट फुगतं, कळा येतात, माणूस घामाघूम होतो, आणि नळी घालून मोकळं करण्याशिवाय इलाज उरत नाही. घरी हे झालं तर रिक्षा करून दवाखाना गाठता येतो. महाड आणि खेडच्या मध्ये झालं तर? त्यात महाशिवरात्रीचा उपवास, आणि वाटेत स्वच्छ बाथरूम मिळेल का या धास्तीने या वयाची माणसं सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि लागली तरी दाबून धरतात. ताणलेलं मूत्राशय आणि वर हे औषध, अशी सगळी तयारी आपणच करून ठेवतो. त्यांना दर दीड-दोन तासांनी थांबायला लावा. मागून सांगतील म्हणून वाट बघू नका, ते सांगत नाहीत.

बी.पी.साठीही आकसवणारी औषधं बरी नव्हेत. सुडोएफेड्रिन त्यात आणखी जोरकस. नाकात घालायचे झायलोमेटाझोलिनचे थेंबसुद्धा त्यांना डॉक्टरांना विचारल्याखेरीज नकोत, साधे मिठाच्या पाण्याचे चालतील. आणि कोकणात गेल्यावर काकू-आत्या काढा करणार, त्यात ज्येष्ठमध असणार. एखादा कप घेतला म्हणून काही होत नाही, पण ज्येष्ठमध रोज भरपूर पोटात गेलं तर बी.पी. चढतं आणि अंगातलं पोटॅशियम उतरतं. 'आयुर्वेदिक आहे, घ्या हो' हे वाक्य बी.पी.च्या गोळीला ऐकू येत नाही.

त्यांच्याबद्दल आणखी एक विचारते. त्यांचा खोकला या आठवड्यातला आहे की कितीतरी महिने कोरडा खाकरा चालूच आहे? बी.पी.च्या गोळीच्या पट्टीवरचं औषधाचं नाव बघा. ते 'प्रिल'ने संपत असेल, म्हणजे रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल यांपैकी असेल, तर काही माणसांना त्या गोळीनेच कोरडा खोकला लागतो आणि तो कुठल्याच सिरपने जात नाही. डॉक्टर गोळी बदलून देतात, मग काही आठवड्यांत थांबतो. मनाने मात्र गोळी बंद करायची नाही, प्रवासात तर नाहीच. आणि घरात कोणाचाही खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकी तपासून घ्या. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात टी.बी.ची तपासणी मोफत होते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता मुलगा. अर्धा चमचाही नको, पाव चमचाही नको. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन हे मिश्रण चार वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापण्याचे आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्येच दिले. तुमच्या बाटलीवर बारीक अक्षरात ती ओळ असेल, चष्मा लावून शोधा. पुढे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी औद्योगिक रसायन निघालं आणि लहान मुलं किडन्या निकामी होऊन दगावली. त्या वेळी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सल्ला काढला: दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत, आणि पाच वर्षांच्या आतल्यांना सहसा देऊ नयेत. ती भेसळ एका औषधातली होती, हा सल्ला मात्र चांगल्या, शुद्ध सिरपलाही लागू आहे. कारण या वयात या औषधांचा उपयोग नगण्य आणि त्रास खरा. कधी मूल गुंगतं, कधी उलट चेकाळतं आणि चार तास गाडीत कोणालाच बसू देत नाही.

मग द्यायचं काय? मध. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलांना अर्धा ते एक चमचा मध झोपायच्या आधी दिला तर रात्रीची ढास कमी होते, आणि हे नुसतं आजीचं म्हणणं नाही, अभ्यासांतूनही दिसलंय. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवायचाही नाही. नाकाला मिठाच्या पाण्याचे थेंब, दर थोड्या वेळाने कोमट पाणी किंवा पेज. ताप आला तर पॅरासिटामॉल, आणि ते वजनावर: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. समजा त्याचं वजन १४ किलो आहे, तर एका वेळी १४० ते २१० मिलिग्रॅम. इथे एक फसगत होते. मुलांच्या पॅरासिटामॉलच्या बाटल्या दिसायला सारख्या असतात, पण एकीत पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं आणि दुसरीत २५०. थेंबांच्या छोट्या बाटलीत तर एका मिलिलिटरलाच १०० असतं. घरची बाटली संपली म्हणून चिपळूणला दुसरी घेतली आणि माप तेच ठेवलं, तर डोस दुप्पट होऊ शकतो. म्हणून नेहमीची बाटली तिच्या मापाच्या टोपणासकट न्या. स्वयंपाकघरातला चमचा नको, कुठल्याही दोन घरांतले चमचे सारखे नसतात.

कापराची पुरचुंडी राहू द्या. कोविडच्या दिवसांत कापूर-ओवा-लवंग हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो असं कोणीतरी पसरवलं, तेव्हापासून ती गाड्यांच्या आरशांना लटकते आहे. ऑक्सिजन वाढत नाही. नाक सुटल्यासारखं वाटतं ते थंडगार वासामुळे. पण सव्वातीन वर्षांच्या मुलाच्या हाताला ती लागली आणि त्याने वडी तोंडात घातली, तर थोड्याशा कापरानेही काही मिनिटांत झटके येऊ शकतात. गाडीतच कशाला, देवघरातला डबाही उंच ठेवा. बामही त्याच्या नाकाच्या आत किंवा नाकपुडीशी चोळायचा नाही, लावायचाच तर छातीवर थोडा. शिवाय बंद गाडीत तो उग्र वास कोंडला की सासूबाईंना पनवेलच्या आतच गाडी लागेल, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यापेक्षा ए.सी.चं आतली हवा आतच फिरवणारं बटण बंद ठेवा, काचा अधूनमधून चार बोटं उघडा, आणि ज्याला सध्या खोकला आहे त्याने मास्क लावावा.

तुम्ही स्वतः मागे मुलाजवळ असणार, तेव्हा जागं राहायचंय तुम्हालाही. ढास फारच लागली तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन एकटंच असलेलं सिरप मिळतं, ते गुहागरला पोचल्यावर रात्री घ्या. नैराश्याची किंवा चिंतेची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि खोकल्यात कफ पडत असेल तर तो दाबायचा नसतो.

पिशवीत काय टाकाल? सलाइनचे थेंब, मोठ्यांची पॅरासिटामॉल, मुलाचं पॅरासिटामॉल, मधाची छोटी बाटली, थर्मास, मीठ, सासूबाईंची ॲव्होमिन, सासऱ्यांच्या रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या. सर्दीची गोळी कोणी घेतलीच, तर तिच्यात बहुधा पॅरासिटामॉल असतंच, वर तापाची ६५० ची वेगळी घेऊ नका. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसाला चार ग्रॅम ही वरची हद्द आहे, सासऱ्यांसारख्यांना त्याहून बरीच खाली थांबावं. अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्यांची पट्टी 'असू दे बरोबर' म्हणून घेणारे असतात, तुम्ही घेऊ नका. विषाणूच्या सर्दीला ती काही करत नाही. बाटल्या डॅशबोर्डवर किंवा उन्हात लावलेल्या गाडीत ठेवू नका. बाकी चिपळूण काय, गुहागर काय, मेडिकल सगळीकडे आहेत, संसार बांधून न्यायची गरज नाही.

जाणंच रद्द करायचं कधी, तेही सांगते. मुलाचा श्वास शांत असताना मिनिटाला चाळीसच्या वर जात असेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तो पाणी पीत नसेल किंवा कान धरून रडत असेल, तर गाडी गुहागरला नाही, डॉक्टरांकडे न्या. मोठ्यांपैकी कोणाला धाप लागतेय, छातीत दुखतंय, थुंकीत रक्त दिसलं किंवा ताप तीन दिवस उतरला नाही, तरीही तेच. व्याडेश्वर पुढच्या महिन्यातही तिथेच आहे.

दुबईचं थोडक्यात. चिठ्ठी नसलेली, दुसऱ्याच्या नावाची औषधं बॅगेत घालू नका, नणंद असली तरी. आपल्याकडे खोकल्याच्या काही सिरपमध्ये कोडीन असतं. ते अफूपासून येतं आणि अमिरातीत नियंत्रित औषधांच्या यादीत आहे. आधी ऑनलाइन परवानगी न घेता ते सापडलं तर 'माहीत नव्हतं' हे उत्तर तिथे चालत नाही, आणि ज्याच्या बॅगेत सापडलं तो अडकतो, ज्याने मागवलं तो नाही. तुमच्या घरच्यांची स्वतःची औषधं मूळ पट्टीत आणि बाटलीत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या. चिठ्ठीत औषधाचं ब्रँडचं नाव नको, आतल्या घटकाचं हवं. परदेशी विमानात हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली अडते. चिठ्ठी असलेल्या औषधाला सवलत असते, पण सिरप चेक-इनमध्ये टाकलेलं बरं.

त्या वेळी कोणाचं नाक चोंदलेलं असेल तर विमान उतरताना कान दुखतात, चढताना तितके नाही. वैमानिकाने उतरायची घोषणा करायच्या सुमारास मोठ्यांनी, म्हणजे सासरे सोडून, झायलोमेटाझोलिनचे थेंब नाकात घालावेत. मुलाला झोपू देऊ नका, पाणी पाजत राहा किंवा काहीतरी चघळायला द्या. गिळताना कानाची नळी उघडते.

आणि नणंदेसाठी डिंकाचे लाडू नेणार असाल तर त्यात खसखस घालू नका. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, लाडवातल्यासुद्धा.